घाटावरची हाक

पदक आलं, तर दत्तप्रसादच्या वाट्याला टाळ्या येणार होत्या आणि गैबीच्या घरात नोकरी येणार होती. बँकॉकच्या स्पर्धेत, जलतरण तलावात नजीरा शेवटच्या पन्नास मीटरला वळली, तेव्हा हिशेब असा उभा होता.

चार मुलींची रिले. पहिली पोहलेली अवंतिका, दत्तप्रसादची लेक. तिनं आपले शंभर मीटर असे कापले होते, की फलकावर तिच्या नावापुढं राष्ट्रीय विक्रम लागला. शेवटची नजीरा, उचगावच्या गैबीची. दोघी कोल्हापूरच्या, आणि कोल्हापुरातल्याच एका सहकारी संस्थेनं पदक आणणारीला कायमची नोकरी जाहीर केलेली. जागा एकच. दोघींनी आणलं, तर वयानं मोठी असेल तिला. कुणीच नाही आणलं, तर विक्रम असेल तिला. मोठी नजीरा होती. गैबी गाड्यांची सीटकव्हरं शिवायचा. त्याची नजर अधू होत चालली होती. टाका कुठं पडला ते आता तो बोटांनी चाचपून बघायचा.

दत्तप्रसाद पन्हाळ्याच्या कचेरीत कारकून. पगार वेळेवर, पेन्शन ठरलेली. रजा काढून, नवा सफारी शिवून तो लेकीचं पोहणं बघायला आला होता.

नजीरानं भिंतीला हात लावला. तिसरी आली. कडेच्या लेनमध्ये कुठल्याशा देशाची मुलगी अजून हात मारत येत होती. तेवढ्यात प्रेक्षकांतून हाक आली, "घ्या गं!"

ही हाक पंचगंगेच्या घाटावरची. दोन्ही मुली तिथंच पोहायला शिकल्या. वस्तादांची रीत अशी, की पलीकडं जाऊन आलेला शेवटचा गडी पायरीला लागला, की कुणीतरी 'घ्या' म्हणून ओरडायचं आणि बाकीच्यांनी उड्या टाकून त्याला मधे घ्यायचं. दमलेल्या माणसाला पाण्यात एकटं ठेवायचं नाही.

अवंतिकेनं उडी टाकली.

सगळे संघ पोहून व्हायच्या आत संघातलं दुसरं कुणी पाण्यात उतरलं, की तो संघ बाद. प्रशिक्षकानं हे बजावून सांगितलं होतं. डोक्याला ठाऊक होतं, पण पायांनी डोक्याला विचारलंच नाही. पंचानं हात वर केला आणि पदक गेलं.

कोल्हापुरात परतल्यावर कुणी हात राखून बोललं नाही. उडीच मारायची होती तर रंकाळा काय आटला होता का, असं चहाच्या गाड्यावर विचारणं झालं. कुणी ओरडलं, हे प्रशिक्षकानं खोदून खोदून विचारलं. आवाज ओळखला नाही, असं अवंतिकेनं सांगितलं होतं. ओळखला होता. पण बापाला आनंद आवरला नाही, त्यात त्याला लोकांच्या तोंडी कशाला द्यायचा, असा तिचा विचार. बोलणी तिनं एकटीनं खाल्ली. ताटाला मात्र हात लावेना.

शेवटी दत्तप्रसाद ताट घेऊन तिच्या खोलीत आला.

"पदक गेलं तर गेलं," तो म्हणाला. "विक्रम ऱ्हातोय की, म्हंजे नोकरी तुलाच. पयल्या गड्याची वेळ धरत्यात. मागनं संघ बाद झाला, तरी तिला हात लावत न्हाईत. नियमच हाय तसा."

"कधी वाचलासा?"

"जायच्या आधीच. सगळं पुस्तक वाचून काढलंय."

आपण काय काय वाचलंय, हे सांगायची कारकुनाला हौस असते. उडीचा नियम त्याच पुस्तकात होता, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. अवंतिकेच्या हातातला घास ताटात परत गेला.

"मग वरडलासा कशाला?"

दत्तप्रसादनं ताट तिच्याकडं सरकवलं. मग म्हणाला, "बाप हाय मी तुझा."

दारात चपला वाजल्या. नजीरा आली होती, मागं गैबी. गैबी उंबऱ्याला अडखळला तर दत्तप्रसादनंच त्याला हात देऊन खुर्चीवर बसवलं आणि पाणी आणून दिलं. नजीरा अवंतिकेजवळ जाऊन टेकली. ताट बघून आधी तिला शिव्या घातल्या, मग स्वतःच्या हातानं घास भरवला. मी असते तरी उडी टाकली असती, म्हणाली. हाक आली की आपल्याला राहवतंय व्हय?

मग तिनं कामाचं काढलं. ती संस्थेच्या अध्यक्षांना, बाळासोंना, भेटून आली होती. कुणी जाणूनबुजून घात केला असंल आणि त्याचं नाव कळलं, तर पदक आलंय असंच धरू, असं ते म्हणाले होते. म्हणजे नोकरी नजीराची.

"तुझ्या अंगाला काय लागणार न्हाय," नजीरा म्हणाली. "आवाज कुणाचा, तेवढं आठवून बघ की गं."

अवंतिकेनं बापाकडं बघितलं. दत्तप्रसाद गैबीच्या हातातला रिकामा पेला घेत होता. पेला हातातच राहिला.

"न्हाय आठवत," अवंतिका म्हणाली.

पुढच्या महिन्यात ती नोकरीवर रुजू झाली. पोहायला म्हणून पुन्हा तिनं पाय ओला केला नाही. या सगळ्याची तिनं मोजलेली किंमत एवढीच. दत्तप्रसादला तर सगळं फुकटातच पडलं. बाकीची किंमत नजीरा भरते आहे, उचगावात, बापाच्या मशीनवर बसून. आणि दुकानात कुणी अवंतिकेच्या उडीवरून हसलं, की मशीन थांबवून त्याच्याशी भांडते.