न उष्टावलेलं ताट

"आजी, आजही ताट तसंच? खाल्लं नाही तर ताकद कशी येणार?" रूथ सिस्टर जरा चिडूनच म्हणाल्या. ठकूबाईंनी सलाईन लावलेला उजवा हात पोटाशी घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हातारी हट्टी आहे, असं वॉर्डात सगळेच म्हणत.

न्यूमोनियातून त्या उठल्याच नाहीत.

सुरतेहून लेक पोचली, तेव्हा सगळं संपलं होतं. "आई जेवत होती का हो?" तिनं विचारलं.

"नाही. कितीदा सांगून पाहिलं."

लेकीनं आईचा सुजलेला उजवा हात हातात घेतला. "डाव्या हातानं तिनं घास घेणं शक्यच नव्हतं, सिस्टर. आणि मला भरवा, असं परक्याला म्हणणारी ती नव्हती."

घरी जाताना रूथ सिस्टरना ती भरलेली ताटं आठवत राहिली. का जेवत नाही, हे आपण शेजारी बसून एकदाही विचारलं नाही.

सकाळी नव्या पेशंटला सलाईनची सुई टोचण्याआधी त्या थांबल्या. "बाबा, जेवता कुठल्या हातानं?"

"उजव्या. का हो?"

सिस्टरनी त्यांचा डावा हात घेतला. शीर लगेच सापडली. इतकं सोपं होतं ते.