दाढेखालची दोरी

हे मी लिहिणारच नव्हतो. एका हाताच्या माणसाची गोष्ट म्हटली की लोक आधीच रुमाल काढून बसतात, आणि वेसला सगळ्यात जास्त राग त्याचाच. पण त्याच्या शिकारीतल्या जोडीदारानं, डेनीनं, ती गावभर सांगितली, आणि स्वतःला सोयीची सांगितली. तर रुमाल आत ठेवा.

वेस कालिओ घरामागच्या अंगणात उभा होता. डावी बाही खांद्याशी गाठ मारलेली, धनुष्य दोन गुडघ्यांत दाबलेलं, आणि उजव्या हातानं तो बाणाच्या टोकाला पातं फिरवून बसवत होता. समोर फोमचा ठोकळा. त्याच्यापुढे डेनीनं खाटकाकडून आणलेल्या डुकराच्या बरगड्या टांगलेल्या, वरून गेल्या सालच्या हरणाचं कातडं गुंडाळलेलं. हरणांच्या शिकारीचा सीझन आठवड्यावर आला होता. दोघांचं ठरलं होतं की बाण बरगडी फोडून आरपार गेला तर वेस आपलं धनुष्य घेऊन जंगलात जाणार. नाही गेला तर डेनीचा क्रॉसबो. तो डेनीनं आधीच पायरीला टेकवून ठेवला होता, सारखा नजरेला पडावा म्हणून.

क्रॉसबो म्हणजे दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य, पण वापरायला बंदुकीसारखं. खांद्याला लावा, चाप ओढा, झालं. डेनीचं म्हणणं, त्यात लाज कसली, माझा सासराही त्यानंच मारतो. वेस म्हणाला, तुझा सासरा त्यानं टीव्हीसमोर बसूनही मारेल.

वेस दोरी दातांनी ओढायचा. दोरीला चामड्याचा पट्टा बांधलेला. तो दाढांत धरायचा, धनुष्याचा हात पुढे रेटायचा, नेम लागला की तोंड उघडायचं. तोंड उघडलं की बाण गेला. पण दोन हातांच्या माणसाचा जोर त्यात येत नाही. म्हणून सगळा घोळ पात्यावर येऊन अडला होता.

डेनीनं आणलेली पाती भारीतली होती. मिटलेली असतात, लागली की फटकन उघडतात, अंगठ्याएवढ्या टोकाची पंज्याएवढी जखम. डेनीच्या मते जोर कमी आहे ना, मग जखम तरी मोठी कर.

वेसनं पट्टा चावला, हात रेटला, तोंड उघडलं.

कातडं टरकन फाटलं. पाती उघडली आणि बरगडीला अडकली. बाण तिथेच लोंबत राहिला.

"दार बघ केवढं उघडलंय," डेनी म्हणाला.

"दार मोठंय. आत कोण गेलं?"

पाती उघडण्यातच सगळा जोर खर्ची पडतो, हे वेसनं त्याला उन्हाळाभर सांगितलं होतं. डेनीनं बाण उपसला आणि क्रॉसबोकडे बघितलं. वेसनं बघितलं नाही. खिशातून त्यानं आपलं पातं काढलं. अरुंद, दोनच धारांचं, कुठे काही उघडत नाही, मिटत नाही. डेनी म्हणाला, याच्यानं माझी बायको बटाटे सोलते.

दुसरा बाण आरपार गेला. वेस हसला. डेनीनं जाऊन कातडं वर केलं, बोटानं चाचपलं आणि तिथूनच मान हलवली. दोन बरगड्यांच्या फटीतून गेला होता. हा धरायचा नाही.

वेसच्या तोंडावर शिवी आली होती. पण दलदलीत अर्धा बाण घेऊन पळालेलं हरीण दोघांनीही बघितलं होतं, आणि त्याच्या मागे गुडघे घासत कंदील घेऊन कोण जाणार हेही दोघांना माहीत होतं. तो गुमान बाकाशी गेला. पकडीत आवळलेल्या दगडावर पातं घासायला लागला. एकाच हातानं, बराच वेळ.

धार लागली की नाही हे मनगटावरचे केस भादरून बघतात. त्याला एका हातात पातं लागतं आणि दुसरा हात मोकळा लागतो. वेस पातं धरून नुसताच थांबला.

डेनीनं आपली बाही वर केली आणि हात बाकावर ठेवला.

वेसनं पातं फिरवलं. मनगटापासून वर एक गुळगुळीत पट्टा तयार झाला. "बायकोला काय सांगू?" डेनीनं विचारलं. वेस म्हणाला, सांग, वेस बटाटा समजला.

तिसऱ्या वेळी दाढ आधीच ठणकत होती. पट्टा चावताना डोळ्यांत पाणी आलं. डेनी म्हणाला, राहू दे, उद्या कर. उत्तर द्यायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. वेसनं हात आणखी पुढे रेटला, नेम पक्का होईपर्यंत तसाच धरला, आणि मग उत्तर दिलं.

कड्डकन आवाज आला. बाण बरगडीतून निघून मागच्या ठोकळ्यात पिसांपर्यंत घुसला.

डेनीनं तुटलेल्या बरगडीत बोट घातलं. दोन्ही बाजूंनी घालून बघितलं. मग क्रॉसबो उचलून स्वतःच्या गाडीत टाकला आणि परत येऊन वेससमोर उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आता चेष्टा नव्हती.

"इथून ठोकळा वीस यार्डांवर आहे," तो म्हणाला. "याच्या पुढचं मारायचं नाही. शब्द दे मला."

वेस बाजूला थुंकला. थुंकी लाल होती. पट्टा त्यानं पँटला पुसला.

"दिला शब्द. वीस यार्डांच्या पुढे हरीण उभं राहून माझ्या आईला शिव्या घालत असलं, तरी मी तोंड उघडणार नाही."