अडकलेलं काम

सूरज पुण्यात स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा बनवायला शिकत होता. त्यापायी शिमग्यालाही घरी गेला नाही. गोदूबाईने फोनवर, असं काय शिकतोस, विचारलं तेव्हा म्हणाला, "आई, मोठं काम आपल्या पोरांना, म्हणजे छोट्या कामांना, एकाच वेळी धाडून देतं. ती सगळी परतेपर्यंत त्याला संपता येत नाही."

"आन् येखादं आलंच नाय तर रे?"

"मग ते अडकून पडतं. तेच अजून मला सुटत नाहीये."

आज तिच्या दहाव्याला सावित्रीकाठी कावळा पिंडाला शिवेना. थोरल्या विनोदने गुरं विकणार नाय, घराला कुलूप घालणार नाय, सगळं कबूल करून पाहिलं. शेवटी, अग्नीलाही न पोचलेला सूरज हात जोडून पुढे झाला.

"आये, मी आलो गो."

कावळा खाली उतरला.