गाळलेलं शून्य

"रिस्टार्ट केलं की होतंय ठीक. दे पाठवून," सर म्हणाले.

"आतलं बाळ रिस्टार्ट होत नाही, सर." शाल्मली जागची हलली नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची काचपेटी उद्या हॉस्पिटलात जायची होती आणि स्क्रीन मधूनच भलतं तापमान दाखवत होता.

तापमान मोजणारा सेन्सर आकडे अक्षरांच्या सलग माळेत पाठवायचा. तिचा सी भाषेतला प्रोग्रॅम दोन-दोन अक्षरांची जोडी लावून एकेक बाइट, म्हणजे एकेक आकडा, करायचा. तिनं ती माळच वाचायला घेतली. आकडा लहान असला की आधीचं शून्य गायब, ०५ च्या जागी नुसतं ५, आणि तिथून पुढे सगळ्या जोड्या मोडलेल्या!

सेन्सरमधून माळ पाठवणारा कोड सरांचा होता. "बिनकामाचं म्हणून मीच गाळलं," ते पुटपुटले.

तिनं त्या कोडमध्ये शून्य परत घातलं. तापमान जुळलं.

"आता पेटी पाठवू?" सरांनी विचारलं.

"प्रत्येक जोडी तपासल्याशिवाय नाही."

सरांनी खुर्ची ओढली. "एकेक जोडी सांग, मी टाइप करतो."