दुसऱ्याचं हाड

“मग त्या माणसाला धरून आणा ना!” रंगारी डॉक्टरांवर खेकसला.

शेजारी बसलेल्या त्याच्या मुलाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी एक्स-रे पुन्हा उजेडाकडे धरला. रंगाऱ्याच्या उजव्या खांद्यातला कृत्रिम सांधा खोबणीतून सुटून तिरका झाला होता. जन्मभर छतं रंगवून मूळचा खांदा झिजला, म्हणून बदलला. बदललेला सैल झाला, म्हणून कमरेचं हाड घालून घट्ट केला. आता तेही हाड विरून गेलं होतं.

“काका, खोबणीला नुसता पापुद्रा उरलाय. आधी हाडाची भर घालायची, मग नवा सांधा. तुमच्या कमरेचं आता पुरणार नाही. दुसऱ्या कुणाचं तरी मोठं, अखंड हाड हवं. तसं एकच आपल्या बोन बँकेत आहे, फ्रीजरमध्ये. पण देणाऱ्याचं रक्त सहा महिन्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय ते बाहेर काढत नाहीत. आणि तो फोन उचलत नाही. पत्रं परत आली.”

“आहे तरी कोण हा शहाणा?”

“मलाही कळत नाही. डब्यावर नुसता आकडा असतो. बाहेरून हाड मागवलंय, पण त्याला वेळ लागेल.”

वेळच तर नव्हता. रंगाऱ्याची बायको अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती. ती पडली तेव्हा नवरा-बायको जुनी खोली सोडून मुलाकडे राहायला आली. सकाळ-संध्याकाळ मुलगा आईला कुशीवर वळवायचा, उचलून बसवायचा. वर्षअखेरीस त्याची बदली व्हायची होती. ऑपरेशन आत्ता झालं, तर तोवर रंगाऱ्याचा हात कामाला लागला असता. नाही झालं, तर तिला शुश्रूषा केंद्रात ठेवायचं, हे ठरलं होतं. मुलगा वाईट नव्हता. दुसरा मार्ग त्यालाही दिसत नव्हता.

दुपारी रंगारी बायकोला भरवायचा. पेज पाटावर ठेवून डाव्या हाताने चमचा चमचा द्यायचा. एक घोट गिळायला तिला फार वेळ लागे, आणि मध्येच थांबलं की ठसका. दुसऱ्या कुणाच्या हातून ती तोंडच उघडत नसे. नेमका त्याच वेळी त्याच्या खिशातला फोन वाजे. कुठला तरी अनोळखी नंबर.

“घ्या ना... फोन,” ती अडखळत म्हणायची.

“कशाला? कुठल्या तरी स्कीमवाल्यांचा असेल. काम असेल तर येतील दारात. तू आ कर.”

“खांदा लोखंडाचा... खुबा लोखंडाचा,” ती अर्ध्या ओठांनी हसायची. “डोकं तर... लग्नापासूनच.”

त्या दिवशी डॉक्टरांकडून आल्यावर तो हाडवाल्यावर तोंडसुख घेत बसला. “हाड देऊन पुण्यवान झाला, आता साधा फोन कानाला लावायला याचा हात झडतोय! आपल्यापायी कुणाचा जीव टांगणीला लागलाय, याची शुद्ध तरी आहे का त्या नालायकाला?”

“असं... नका बोलू. असेल त्याच्याही घरी... कुणी आजारी.”

“असलं तर काय झालं? दोन मिनिटं मिळत नाहीत?”

पेज गार होत होती. फोन वाजून वाजून बंद झाला.

बाहेरून आलेलं हाड लहान निघालं. डॉक्टरांनी आणखी थांबायला सांगितलं. पावसाळा सरला, थंडी पडली, मुलाची बदली झाली. जायच्या दिवशी बायकोने रंगाऱ्याची बाही मुठीत धरली ती सोडेचना. शेवटी त्यानेच तिची बोटं एकेक करून उघडली. तेव्हा त्याला स्वतःच्या हाताची शिसारी आली.

केंद्रातल्या बाया चांगल्या होत्या, पण त्यांच्या हातून ती जेवेना. रंगारी दोन बस बदलून रोज जायचा. तो तिथे पोचेपर्यंत तिच्यात तोंड उघडायचंही त्राण उरलेलं नसे. महिनाभरात ती गेली. तिला न्यायच्या वेळी तो पुढे झाला, तर लोकांनी त्याला हळूच बाजूला केलं. बायकोला खांदासुद्धा देता आला नाही. तो भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला, आणि रडतानाही त्या हाडवाल्याचं वाटोळं होवो म्हणाला.

दिवस करायचे ते झाले. मुलगा बदलीच्या गावी परतला. घरात रंगारी एकटा उरला.

दुपार झाली. पेजेची वाटी फडताळात पालथी पडली होती. खिशातला फोन वाजला. तोच अनोळखी नंबर. रंगाऱ्याने रिकाम्या डाव्या हाताकडे पाहिलं. आता त्या हाताला काही कामच नव्हतं. तिचं एवढं तरी ऐकावं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने फोन कानाला लावला.

“अगंबाई, उचलला एकदाचा!” पलीकडे एक मुलगी होती. “काका, मी बोन बँकेतून बोलतेय. तुमचा खुबा बदलला तेव्हा काढलेलं हाड तुम्ही आम्हाला दिलं होतंत, त्याची सही केली होतीत, आठवतंय? तुमचं दुसऱ्यांदा रक्त घ्यायचं राहिलंय. उद्या या ना, काका. तुमच्या हाडाची वाट बघत एक पेशंट कधीचा ताटकळलाय.”