कॅसेटमधला म्हातारा

पंच्याण्णव साली कडेगावजवळच्या एका साखर कारखान्यात दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या कर्ण्यावरून ऑफिसातल्या आम्रपालीची कॅसेट वाजायची. कुणाला बढती मिळाली, कुणाला मुलगी झाली आणि शेवटी एक विनोद. ती दार लावून, एकटीच रेकॉर्ड करायची.

तरी विनोद संपला की कॅसेटमध्ये एक म्हातारा खदखदून हसायचा.

"ताई, तुमचा म्हातारा लय भारी हसतोय," फिटर लालासाहेब म्हणायचा. म्हातारा कोण, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण त्याच्यामागं सगळं कॅन्टीन हसायचं, म्हणून ती गप्प राहायची.

एका शनिवारी विनोद संपला, पण हसू आलंच नाही. हातातला घास तसाच धरून सगळे, त्यांच्यात बसलेली आम्रपालीही, कर्ण्याकडं बघत राहिले.

"आजारी हाय का काय त्यो?" लालासाहेब म्हणाला.

मग हसू आलं. तसंच घोगरं, खदखदून. सगळ्यांच्या जिवात जीव आला, टाळ्या पडल्या.

आम्रपालीनं स्वतःच्या तोंडावर हात घट्ट दाबला, तेव्हा कुठं ते थांबलं.