वेदीमागचं दार

फुल्क्रांनी चर्चच्या वेदीमागचं बुटकं दार त्या दिवशी सातव्यांदा उघडलं आणि ते बाजूला झाले.

"या, बघून घ्या. तीन झाडू, एक बादली, फुलदाण्या. एक झाडू मोडका आहे."

बेल्जियमहून आलेल्या जोडप्याने आत डोकं घातलं. नवऱ्याच्या हातात ती जाडजूड कादंबरी होती, पानापानांत रंगीत चिठ्ठ्या खोचलेली. त्याने मागच्या भिंतीवर बोटांनी ठोकून पाहिलं.

"भरीव आहे," फुल्क्रां म्हणाले. "पलीकडे डोंगर आहे."

"हो, हो," तो डोळे मिचकावत म्हणाला. "पुस्तकातला रखवालदारही असंच म्हणतो."

पुस्तकातला रखवालदार खोटारडा होता आणि एका डोळ्याने आंधळा. फुल्क्रांचे दोन्ही डोळे शाबूत होते. गेली एकवीस वर्षं, येणारा प्रत्येक वाचक आधी त्या डोळ्यांची खात्री करून घेत असे.

त्यांची मुलगी मागलोन शेवटच्या बाकावर बसून होती. सणाच्या सुट्टीला तुलूझहून येताना तिने गाडीत कबुलीचं वाक्य ठरवून ठेवलं होतं. सतरा वर्षांची असताना, एका रिकाम्या दुपारी, याच चर्चच्या पायरीवर तिने एका पाहुण्या लेखकाला या दाराची गोष्ट सांगितली होती. आत भुयार, भुयारात पेटी, पेटीत एकाही पोपने न वाचलेलं येशूचं शुभवर्तमान. सगळं तिथल्या तिथे रचलेलं. तोवर इतकं लक्ष देऊन तिचं कोणी ऐकलं नव्हतं. मग पुस्तक आलं. पुस्तकामागून माणसं आली, फरशा उखडल्या गेल्या, एका जुन्या पाद्र्याची कबर फोडली गेली. किल्ली फुल्क्रांकडे, तेव्हा बोलले असणार तेही फुल्क्रांच, असं गावाने ठरवून टाकलं. त्यांनी 'नाही' म्हटलं होतं. एकदाच.

जोडपं बाहेर गेलं. फुल्क्रां तिच्याशेजारी येऊन बसले आणि गुडघे चोळू लागले.

"पप्पा, पुरे आता. किल्ली द्या ना दुसऱ्या कोणाला."

"कोणाला? सिदोनीला? ती पहिल्याच दिवशी एखाद्याला झाडूने हाणेल."

"मग दार बंद ठेवा."

"ठेवलं होतं की एक वर्ष. बंद दाराला जास्त येतात." त्यांनी किल्ली खिशात टाकली. "मी वाचलं ते पुस्तक. दोनदा. वाईट नाहीये गं. मध्ये जरा ढिलं पडतं, एवढंच."

तिला हसू आलं, आणि हसण्याच्या आधाराने ती म्हणाली, "पप्पा, मला तुम्हाला एक..."

"रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला अकरा जण असतात आता," ते बोलतच होते. "त्यातल्या चौघी माझ्याशी बोलत नाहीत. हे लोक निदान भिंतींकडे बघतात तरी. कशावर तरी विश्वास ठेवायला आलेले असतात. दमवतात, पण येतात." त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "हं, काय म्हणत होतीस?"

त्यांचा चेहरा फार थकलेला दिसत होता.

"काही नाही. सूप गरम करते."

"लसूण घाल जरा जास्त."

सकाळी ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

गावात पुरुष गेला की घंटेचे तीनदा तीन टोले पडतात, बाई गेली की दोनदा तीन. चाळीस वर्षं दोर फुल्क्रांनीच ओढला होता. आता कोण ओढणार, हे कोणी विचारलं नाही. मागलोन गेली. तीन टोले, मग 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना मनातल्या मनात एकदा, मग पुढचे तीन. मधल्या वेळाचं हे माप त्यांनीच तिला शिकवलं होतं. शेवटच्या तिनांनंतर तिच्या तळव्यांची आग होत होती.

ती बाहेर आली. पायऱ्यांशी बायका जमल्या होत्या, काळे कोट घालून, सिदोनी सगळ्यांत पुढे. बाजूला ते बेल्जियमचं जोडपं उभं होतं.

"तीन, तीन, तीन. नऊ!" नवरा भराभर पानं उलटत होता. "बघ, मी म्हणत नव्हतो? नववं प्रकरण! मादाम, हा इशारा कोणासाठी होता? आणि रखवालदार कुठे आहेत आज?"

"गेला तो!" सिदोनी कडाडली. "माणूस गेलाय, त्याची घंटा आहे ती. शरम वाटू दे जरा."

त्या माणसाचा चेहरा उतरला. बायकोने हळूच त्याच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. सिदोनी मान हलवत शेजारणीकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात म्हणाली, "काय उपयोग यांना बोलून. फुल्क्रांनं तेव्हा तोंड उघडलं नसतं, तर आज त्याचं मरण तरी धड झालं असतं."

मागलोन त्याच पायरीवर थांबली.

"त्यांनी नाही, सिदोनीबाई. मी," ती म्हणाली. "इथे बसून. सतरा वर्षांची होते. भुयार, पेटी, सगळं मीच रचून सांगितलं त्या माणसाला. पप्पांनी कधी कोणाला एक शब्दही सांगितला नाही."

सिदोनी एक पाऊल मागे सरली.

"आणि मला," ती म्हणाली, "मला त्यांनी कधी 'तूच का गं?' असं विचारलंसुद्धा नाही."